रास्पबेरी पाय ४ साठी स्वतः कर्नल बांधला, आणि आता नुसतं इंद्रधनुष्य दिसतंय

वेंधळा_पेंग्विन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीय.

माझ्याकडे पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक) आहे, ४ जीबीचा. ऑफिसात सर्व्हिस मेशवर (सर्व्हिसेसमधली रहदारी सांभाळणारी यंत्रणा) काम सुरू झालंय, म्हणून घरी सराव करावा असं ठरवलं. के३एस (हलकं कुबरनेटीस) बसलं, पण मेशची रहदारी पुढे नेणारी एन्व्हॉय प्रॉक्सी सुरू होताच मरते. लॉगमध्ये टीसीमॅलॉकची (प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणारी लायब्ररी) तक्रार येते, 'एमएमअॅपअलाइन्ड फेल्ड'. शोधाशोध केल्यावर कळलं की पायच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) व्हर्च्युअल अॅड्रेस, म्हणजे प्रोग्रॅमला दिसणारा मेमरीचा पत्ता, ३९ बिटांचा असतो आणि टीसीमॅलॉकला तो पुरत नाही. म्हणजे कर्नल पुन्हा बांधणं आलं.

लॅपटॉपवर उबंटू आहे, तिथेच क्रॉस कंपाइल केलं, म्हणजे पायचा कर्नल लॅपटॉपवर बांधला. बीसीएम२७११_डेफकॉन्फिग (तयार सेटिंगची फाइल) घेतला, मेन्यूकॉन्फिग (पर्याय बदलायचा मेन्यू) उघडला, 'कर्नल फीचर्स'मध्ये गेलो. पेज साइझ (मेमरी ज्या तुकड्यांत, म्हणजे पानांत, वाटली जाते त्यांचा आकार) ४ केबीवरून १६ केबी केल्यावर खाली ४७ बिटांचा पर्याय दिसायला लागला. म्हटलं, वा! पाय ५ वर १६ केबीच असतं आणि त्याने वेगही वाढतो असं वाचलं होतं. एका दगडात दोन पक्षी.

कंपाइल निर्विघ्न पार पडलं. कार्ड घातलं, वीज दिली. इंद्रधनुष्याचा चौकोन आला आणि तिथेच थांबला. एचडीएमआयवर एक अक्षर नाही. जुना कर्नल परत टाकला की सगळं सुरळीत. काय चुकलं?

(मंचाच्या रिवाजाप्रमाणे कमांडही देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.)

काजूची_बी

पॉवर सप्लाय कोणता आहे? मोबाइलचा चार्जर लावला असेल तर आधी तो बदला. माझे दोन वीकेंड त्यातच गेलेत.

वेंधळा_पेंग्विन

५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे, पायसाठीचाच. आणि जुना कर्नल त्याच कार्डावर, त्याच सप्लायवर चालतोय की.

रॉकेट_राजा

डेफकॉन्फिगवर थांबलात तिथेच चुकलं. तो सगळ्या बोर्डांसाठी बनवलेला कडबोळं कर्नल असतो. केसीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या जादा सूचना) '-एमसीपीयू=कॉर्टेक्स-ए७२' द्या, नको ते ड्रायव्हर उडवा, रॉकेट होईल. मी डेस्कटॉपवर नेहमी प्रोसेसर फॅमिली बदलूनच बांधतो.

जुनी_आगगाडी

राजे, गाडी सुरू होत नाहीये आणि तुम्ही रंग कुठला लावायचा ते सांगताय. तुमच्या मुद्द्याकडे येतो नंतर.

वेंधळाराव, सिरियल कन्सोल जोडलाय का? यूएसबी-टीटीएल केबल, ३.३ व्होल्टची. ५ व्होल्टची चुकूनही लावू नका. पिन ६ ग्राउंड, ८ वर पाय बोलतो, १० वर ऐकतो. वेग ११५२००. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये 'एनेबल_यूएआरटी=१' आणि 'यूएआरटी_२एनडीस्टेज=१' या दोन ओळी घाला. दुसऱ्या ओळीमुळे फर्मवेअर काय काय करतंय तेही दिसेल. कर्नलच्या कमांडलाइनमध्ये अर्लीकॉनही टाका, म्हणजे कर्नलच्या अगदी पहिल्या ओळीही दिसतील.

वेंधळा_पेंग्विन

केबल नाहीये हो. ठाण्यात आहे, लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे शनिवार उजाडावा लागेल.

तिसरी_घंटा

ठाण्यातच का? माझ्याकडे पडून आहे एक. नौपाड्यात आहे मी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पण परत हवी हं! मागची अशीच एकाने नेली, ती गेलीच.

वेंधळा_पेंग्विन

ताई, देवासारख्या धावून आलात. आणली काल. निकाल असा: फर्मवेअरच्या बऱ्याच ओळी येतात, डीटीबी (बोर्डाचं वर्णन असलेली फाइल) सापडली, ओव्हरले (त्यावरची ठिगळं) लागले, आणि 'लोडेड कर्नल८.आयएमजी' अशी ओळ आकारासकट येते. त्यानंतर स्मशानशांतता. अर्लीकॉन लावूनही कर्नलची एकही ओळ नाही.

म्हणजे फाइल करप्ट का? तीन वेळा बांधून पाहिली.

जुनी_आगगाडी

फाइल ठणठणीत आहे. आता सांगतो काय झालंय ते, जरा सविस्तर, कारण हे दर काही महिन्यांनी कुणाला तरी भोवतं.

आर्म६४ (६४ बिटी आर्म प्रोसेसर) मध्ये पानाचे तीन आकार आहेत: ४, १६ आणि ६४ केबी. कर्नल बांधतानाच यातला एक निवडायचा असतो, बूट झाल्यावर बदलता येत नाही. पण प्रत्येक प्रोसेसरला तिन्ही आकार यायलाच हवेत अशी सक्ती आर्मने केलेली नाही. पाय ४ मधल्या कॉर्टेक्स-ए७२ ला ४ आणि ६४ येतात, १६ येत नाही. पाय ३ च्या ए५३ चंही तेच. पाय ५ मधल्या ए७६ ला तिन्ही येतात, म्हणून तिथे १६ केबीचा कर्नल देता आला. तुम्ही ए७२ ला न येणारी भाषा शिकवायला गेलात.

आता शांतता का? कर्नलच्या अगदी सुरुवातीच्या असेंब्ली कोडमध्ये, हेड.एस नावाची फाइल आहे, एमएमयू (पत्त्यावरून खरी मेमरी शोधणारा प्रोसेसरचा भाग) चालू करण्याआधी प्रोसेसरचं एक ओळखपत्र-रजिस्टर वाचलं जातं. त्यात कुठल्या आकाराची पानं चालतात ते लिहिलेलं असतं. आपल्या आकाराला नकार दिसला की कोड '__नो_ग्रॅन्यूल_सपोर्ट' या लेबलवर उडी मारतो. तिथे तीन सूचना आहेत: डब्ल्यूएफई, डब्ल्यूएफआय आणि परत वर उडी. झोप, पुन्हा झोप, कूस बदल, झोप. अर्लीकॉन सुरू व्हायला एमएमयू चालू असावा लागतो, त्यामुळे ओरडायला तोंडच नाही. इंद्रधनुष्य हे फर्मवेअरचं चित्र. ते पुसायला कर्नल जिवंत व्हावा लागतो, तो झालाच नाही.

डेफकॉन्फिग, कंपायलर, लिंकर, कुणीही तुम्हाला अडवलं नाही, कारण बांधताना त्यांना तुमच्या हातात कुठला बोर्ड आहे हे माहीत नसतं. केकॉन्फिगच्या (त्या मेन्यूमागची यंत्रणा) दृष्टीने १६ केबी हा आर्म६४ चा वैध पर्याय आहे.

सोलापुरी_चादर

जबरी! वाचनखूण साठवली. म्हणजे खिडकीत बसून चौकीदाराने 'तिकीट नाही' म्हणायचं, पण त्याला आवाजच नाही.

वेंधळा_पेंग्विन

बापरे. तीन दिवस मी एसडी कार्ड बदलत बसलो होतो.

मग आता ६४ केबी करू का? ते चालतं म्हणालात ना. नाहीतर ३९ चे ४७ कसे होणार?

जुनी_आगगाडी

नको नको. तुम्हाला पान मोठं नकोय, पत्ता लांब हवाय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेन्यूत शेजारी बसतात म्हणून गोंधळ होतो. कागद घ्या.

४ केबीचं पान म्हणजे २ चा १२ वा घात. पानाच्या आतली जागा दाखवायला १२ बिट लागले. पेज टेबलमधली (पत्त्यावरून पान शोधायची यादी) एक नोंद ८ बाइटची, टेबल स्वतः एका पानात मावतं, म्हणजे ५१२ नोंदी. ५१२ म्हणजे ९ बिट. तीन पायऱ्यांचं टेबल ठेवलं की १२ + ९ + ९ + ९ = ३९. हाच तुमचा ३९. आणखी एक पायरी चढवली की ४८.

१६ केबीचं पान घेतलं तर आतली जागा १४ बिट, टेबलात २०४८ नोंदी, म्हणजे प्रत्येक पायरीला ११ बिट. १४ + ११ + ११ + ११ = ४७. तुम्हाला दिसलेला ४७ तो हा. तीनच पायऱ्यांत लांब पत्ता मिळतो, हा १६ केबीचा एक फायदा.

पण तुमच्या ए७२ ला सोयीचा रस्ता एकच: पान ४ केबीच ठेवा, आणि त्याखालच्या 'व्हर्च्युअल अॅड्रेस स्पेस साइझ'मध्ये ३९ ऐवजी ४८ निवडा. पायऱ्या तीनच्या चार होतील. टीएलबीत (नुकत्याच शोधलेल्या पत्त्यांची प्रोसेसरमधली छोटी यादी) पत्ता सापडला नाही तर प्रोसेसरला एक पायरी जास्त उतरावी लागते, तेवढीच किंमत. घरच्या वापरात जाणवणार नाही.

३९ बिटांत ५१२ जीबी पत्ते मावतात, ४८ मध्ये २५६ टीबी. ४ जीबीच्या बोर्डाला ५१२ जीबीसुद्धा बख्खळ आहे, म्हणून पायवाल्यांनी ३९ ठेवलं त्यात त्यांचं काही चुकलं नाही. टीसीमॅलॉकचा हिशोब वेगळा. ते पत्त्याच्या वरच्या बिटांत स्वतःची खूण ठेवतं, कुठली मेमरी कुठल्या कामाची हे ओळखायला, आणि आर्म६४ वर पत्ता ४८ बिटांचा असणार असं गृहीत धरतं. ३९ च्या कर्नलला त्या खुणेचा पत्ता देताच येत नाही. मेमरी संपलेली नसते, घर क्रमांकच गावाबाहेरचा असतो.

निवांत_४०४

६४ केबी का नको त्याचा हिशोब मी देतो, कारण मी तो खड्डा पाहिलाय. फाइल कितीही छोटी असो, पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फायली रॅममध्ये ठेवायची जागा) निदान एक पान खाते. कर्नलच्या सोर्समध्ये ७०,००० हून जास्त फायली आहेत. ६४ केबीने गुणा. सगळ्या कॅशमध्ये आणायच्या तर साडेचार जीबी नुसत्या किमान भाड्यात. तुमच्या बोर्डावर रॅमच ४ जीबी.

मोठ्या सर्व्हरवर, मोठ्या डेटाबेसला ६४ शोभतं. आपल्या डबीला नाही.

रॉकेट_राजा

माझा मुद्दा राहिलाच. एमसीपीयू दिल्याने फायदा नाही असं कसं? एक्स८६ वर तर मेन्यूतच प्रोसेसर निवडायला देतात.

जुनी_आगगाडी

म्हणूनच एक्स८६ वरून आलेला माणूस आर्म६४ च्या मेन्यूत प्रोसेसरचं नाव शोधत बसतो आणि ते सापडत नाही. तिथे 'प्लॅटफॉर्म सिलेक्शन' आहे, त्यात ब्रॉडकॉम बीसीएम२८३५ घराणं निवडता येतं, पण ते ड्रायव्हरांसाठी. 'ए७२ साठी बांध' असं बटण नाही.

जुन्या ३२ बिटी आर्मवर जवळजवळ दर बोर्डामागे वेगळा कर्नल असायचा. मी तेव्हा एका कंपनीत सेट-टॉप बॉक्सवर होतो, चार बोर्डांचे चार कर्नल, आणि पॅच एकात गेला की दुसऱ्यात विसरायचा. आर्म६४ मूळ कर्नलमध्ये ३.७ ला आलं, डिसेंबर २०१२. तेव्हापासून शिस्त ठेवली की इमेज एकच, बोर्डाची माहिती डिव्हाइस ट्रीमधून (तीच डीटीबी) घ्यायची, आणि प्रोसेसरला काय येतं ते बूट होताना त्यालाच विचारायचं.

विचारून थांबत नाही, स्वतःला दुरुस्तही करून घेतो. पाय ४ वर डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा, 'सीपीयू फीचर्स: डिटेक्टेड' अशा ओळी असतील. त्यानंतर कर्नल आपल्याच कोडमधल्या ठरावीक जागी जाऊन सूचना बदलतो. ए७६ सापडला तर अॅटॉमिक क्रियांसाठी नव्या एलएसई सूचना लावतो. ए७२ जुन्या आवृत्तीचा, त्याच्यात त्या नाहीत, तर जुनी लूप ठेवतो. एराटाचंही, म्हणजे प्रोसेसरमधल्या माहीत असलेल्या दोषांचंही, तसंच. ए७२ मधल्या १३१९३६७ नंबरच्या दोषावरचा उपाय डीमेसेजमध्ये नावानिशी दिसतो. म्हणून 'एआरएम एराटा' मेन्यूतल्या लांबलचक यादीतले पर्याय 'माझा प्रोसेसर नाही' म्हणून उडवण्यात अर्थ नाही. लागू नसलेला उपाय बहुतेक वेळा नुसता निजून राहतो. लागू असलेला चुकून उडवलात तर मात्र पंधरा दिवसांतून एकदा, रात्री तीनला, कारण न सांगता मशीन लटकेल.

राहिला एमसीपीयू. कर्नल '-एमजनरल-रेग्ज-ओन्ली' ने कंपाइल होतो, म्हणजे साध्या कोडमध्ये फ्लोटिंग पॉइंट आणि निऑनची (आर्मच्या वेक्टर सूचना) रजिस्टरं कंपायलरला बंद. वेक्टरची जादू जिथून यायची तो दरवाजाच लावलेला. सूचनांचा क्रम जरा बरा लागेल, बस. करायचं तर करा, नुकसान नाही. पण वेग मोजून दाखवा, नुसतं 'वाटतं' नको.

रॉकेट_राजा

मोजलं. कर्नल बूट व्हायचा वेळ आणि एक कंप्रेशनची चाचणी, पाच-पाच वेळा. फरक आकड्यांच्या थरथरीत बुडाला. माघार घेतो, पण नको ते ड्रायव्हर उडवण्याबद्दल नाही! कंपाइल निम्म्या वेळात झालं.

जुनी_आगगाडी

ते मान्य, शंभर टक्के.

काजूची_बी

धाग्याला फाटा फोडतेय, माफी. पाय ४ वरच एनक्रिप्टेड हार्डडिस्क लावलीय, फारच रडत चालते. क्रिप्टोच्या मेन्यूत 'एईएस, आर्मव्ही८ क्रिप्टो एक्स्टेन्शन्स' आधीच चालू आहे. मग?

निवांत_४०४

प्रॉक-सीपीयूइन्फो उघडा आणि 'फीचर्स'ची ओळ वाचा. पाय ४ वर येतं: एफपी, एसिम्ड, ईव्हीटीस्ट्रीम, सीआरसी३२, सीपीयूआयडी. संपलं. एईएस हा शब्दच नाही. ए७२ मध्ये क्रिप्टो सूचना ऐच्छिक आहेत आणि या चिपमध्ये त्या घेतलेल्या नाहीत. पाय ५ वर तीच ओळ वाचा, एईएस, पीमुल, शा१, शा२, अॅटॉमिक्स अशी वरात निघते.

म्हणजे तो पर्याय चालू असला तरी तुमच्याकडे तो मॉड्यूल लागूच होत नाही. डिस्क नव्याने बांधायची तयारी असेल तर अॅडियँटम ही एनक्रिप्शनची दुसरी पद्धत बघा. त्यात बराचसा भार चाचा या सायफरवर असतो, आणि तो साध्या निऑनवर छान पळतो. कर्नलमध्ये अॅडियँटम, चाचाचा निऑन प्रकार आणि एनएचपॉली१३०५ चा निऑन प्रकार, तिन्ही चालू हवेत. आधी 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' चालवून दोन्ही आकडे स्वतः बघा, मगच डिस्क पुसा. बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका हे सांगायला नको.

काजूची_बी

बेंचमार्क चालवला. एईएसच्या कितीतरी पटीने पुढे आहे हो! रविवारी मुहूर्त.

सोलापुरी_चादर

मीही हौसेने सुरुवात केली, पण पहिल्याच घासाला खडा. कंपाइल लगेच थांबतं: 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन -एमलिटल-एंडियन'. लॅपटॉप इंटेलचा आहे.

तिसरी_घंटा

आर्क=आर्म६४ दिलंत, पण क्रॉस_कंपाइल द्यायला विसरलात. त्यामुळे लॅपटॉपचा साधा जीसीसी आर्मची भाषा बोलायला बसला आणि पहिल्याच शब्दाला अडखळला. 'क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-ग्नू-' द्या, शेवटच्या आडव्या रेघेसकट. ती रेघ उपसर्गाचा भाग आहे.

आणि हे दोन्ही प्रत्येक मेकला द्यायचं, मेन्यूकॉन्फिगलासुद्धा. तिथे आर्क विसरलात तर ते गुपचूप एक्स८६ चा मेन्यू उघडतं, आणि सेव्ह करून बाहेर पडलात की तुमची .कॉन्फिग एक्स८६ ची होऊन बसते. मी एकदा तासभर 'पेज साइझ' शोधत होते, सापडेना. शेवटी वर पाहिलं तर शीर्षकात एक्स८६ लिहिलेलं. आता टर्मिनल उघडलं की पहिल्यांदा दोन्ही एक्स्पोर्ट करते.

सोलापुरी_चादर

रेघच खाल्ली होती मी. चाललं आता. आभार, ताई.

जुनी_आगगाडी

वेंधळाराव, बसवण्याआधी एक करा. जुन्या कर्नल८.आयएमजीवर नवीन चढवू नका. 'लोकलव्हर्जन'मध्ये डेफकॉन्फिग '-व्ही८' ठेवतो, ते '-व्ही८-व्हीए४८' करा, म्हणजे मॉड्यूल वेगळ्या फोल्डरात जातील. इमेज कर्नल८-व्हीए४८.आयएमजी या नावाने बूट-फर्मवेअर फोल्डरात ठेवा आणि कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये 'कर्नल=' ने तिचं नाव द्या. बिघडलं तर कार्ड लॅपटॉपला लावून ती एक ओळ खोडली की जुना संसार परत. नव्या नावाचा इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) नसेल तरी अडत नाही, ईएक्सटी४ आणि एसडी कार्डाचे ड्रायव्हर डेफकॉन्फिगमध्ये इमेजच्या आतच आहेत.

वेंधळा_पेंग्विन

झालं!! ४ केबी, ४८ बिट. सिरियलवर ओळी धो-धो कोसळल्या तेव्हा खरं सांगतो, बायकोला हाक मारून दाखवलं. तिला काय कळलं देव जाणे, पण 'छान' म्हणाली.

पडताळा असा घेतला. जुन्या कर्नलवर प्रॉक-सेल्फ-मॅप्स बघितलं तर स्टॅकचा पत्ता ७एफ ने सुरू होणारा, दहा अंकी. नव्यावर एफएफएफएफ ने सुरू होणारा, बारा अंकी. गेटकॉन्फ पेजसाइझ अजूनही ४०९६ सांगतं. एन्व्हॉय कालपासून उभी आहे, एकदाही पडली नाही.

सोलापुरी_चादर

अभिनंदन! आता माझी पाळी, उलट्या बाजूने. माझा पाय ५ आहे. तिथे एक डेटाबेस लावला तर 'जेमॅलॉक: अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ' म्हणून जीव देतो. माझ्याकडे १६ केबी आहे म्हणून ना?

निवांत_४०४

बरोबर ओळखलंत. जेमॅलॉकमध्ये (हीसुद्धा मेमरी वाटणारी लायब्ररी) पानाचा आकार कंपाइल करतानाच कोरला जातो. ज्याने तो ४ केबीच्या मशीनवर बांधला, त्याचं पॅकेज १६ केबीवर चालायला नकार देतं. उलट मोठ्या पानासाठी बांधलेला छोट्यावर चालतो.

तुम्हाला कर्नल बांधायची गरजच नाही. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये 'कर्नल=कर्नल८.आयएमजी' लिहा. तो ४ केबीचा कर्नल पाय ५ वरही चालतो आणि इन्स्टॉलसोबत आलेलाच असतो.

सोलापुरी_चादर

आत्ताच्या आत्ता झालं. आणि मी रात्रभर कंपाइल करत बसलो होतो, ते काय करू?

रॉकेट_राजा

फ्रेम करून भिंतीवर लावा.

तिसरी_घंटा

वेंधळाराव, सगळं झालं ना? मग माझी केबल?

वेंधळा_पेंग्विन

शनिवारी सकाळी आणून देतो ताई, नक्की. फक्त आज रात्री ६४ केबीचा एकदा बूट करून बघायचा होता, खरंच सुरू होतो का ते.